मुक्या टीव्हीचा हर्रास

त्यांच्या घरात टीव्ही दिवसभर चालू असे. त्याचा आवाज मी एकदाच ऐकला.

त्या आमच्या घरमालकीण. अमरावतीत एका लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीत, त्यांचं दुमजली घर होतं. खाली त्या एकट्या, वर आम्ही तिघं. आम्ही नवरा-बायको त्यांना काकू म्हणत असू, लेआउटमधली मुलं आजी म्हणत. घराणं भाजीपाला पिकवणाऱ्यांचं. मोठा मुलगा चांदूर रेल्वेकडची बागायत सांभाळत होता, धाकटा पुण्यात नोकरीला होता. नवऱ्याच्या माघारी काकूंनी शेत सोडलं, पण भाजी सोडली नाही. मुलाचा टेम्पो दुपारी माल टाकून जाई आणि काकू बैठकीच्या खोलीत पोतं अंथरून मेथी, सांबार निवडायला बसत. सांबार म्हणजे कोथिंबीर. वऱ्हाडात तिला दुसरं नाव नाही.

मालमत्तेच्या बाबतीत त्यांचा हिशेब साधा होता. त्यांच्या छताखाली जे राहतं ते त्यांचं. भाडेकरूही त्यात आले. माझ्या पत्नीने एकदा रस्त्यावरच्या हातगाडीवरून कोथिंबिरीची जुडी आणली. जिन्याच्या पहिल्या पायरीवरच काकूंनी पिशवी अडवली.

"कोनाचा सांबार हाय हा?"

"गाडीवाल्याचा, काकू. तुमची दुपारची झोप मोडू नये म्हणून..."

काकूंनी जुडी नाकाशी नेली. "वास हाय का याले? पान्यानं फुगेल हाय. घरात सांबाराचा ढीग पडला अन् तू रस्त्यावर जातं. लोक काय म्हनतीन?"

जुडी त्यांनी जप्त केली. थोड्या वेळाने स्वतःच्या हाताने दुप्पट मोठी जुडी वर आणून दिली आणि आमच्या ओट्यावर ती चिरली जाईपर्यंत उभ्या राहिल्या.

पेपर त्या फक्त भाजीच्या भावांसाठी वाचत. मी एका दैनिकाच्या डेस्कवर काम करतो हे कळल्यापासून रोज सकाळी खालून हाक येई.

"ओ पेपरवाले! काल वांगे या भावानं कोन इकले? तू?"

भाव मी लावत नाही, ते बाजार समितीकडून येतात, असं मी सांगत असे. त्यांचं समाधान होत नसे. ज्याच्या नावाचा पेपर घरात येतो, चूक त्याची.

टीव्हीचा प्रश्न आमच्या मुलीमुळे आला. माझी ड्यूटी दुपारी चारला सुरू होई. पत्नी अकोल्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. बडनेऱ्याहून रेल्वेने रोजचं अपडाउन, घरी यायला संध्याकाळचे साडेसात. मधल्या वेळेसाठी आम्ही पाळणाघर शोधत होतो. काकूंना ते पत्नीच्या फोनवरच्या बोलण्यातून कळलं.

"पाळनाघरात कायले टाकता पोरीले? मी मेली का?"

मी एकच अट घातली. टीव्ही दाखवायचा नाही. काकू "बरं" म्हणाल्या.

अट मी विचार करून घातली होती. मुलगी तीन वर्षांची होत आली होती आणि बोलत नव्हती. पाणी, दे, नाही, आई, असे सुटे शब्द होते, वाक्य नव्हतं. अकोल्याच्या बालरोगतज्ज्ञांनी कान तपासले, बाकीच्या तपासण्या केल्या आणि सगळं ठीक असल्याचं सांगितलं. टीव्ही-मोबाइल बंद ठेवा आणि तिच्याशी भरपूर बोला, असा त्यांचा सल्ला होता. यातला पहिला भाग मी त्याच दिवशी अमलात आणला. आमचा टीव्ही खोक्यात घालून माळ्यावर ठेवला.

त्याच सुमारास पुरवणीसाठी मी या विषयावर एक पान लावलं होतं. लहान मुलं आणि टीव्ही. डावीकडच्या चौकटीत फायदे: नवे शब्द, नवी माहिती, गाणी, आईला मिळणारा मोकळा वेळ. उजवीकडच्या चौकटीत तोटे: बसून राहणं, डोळ्यांवर ताण, झोपेची ओढाताण, माणसांशी तुटणारं बोलणं. दोन्ही चौकटी सारख्या उंचीच्या होत्या. ते पान मी काकूंना वाचायला म्हणून दिलं. दोन दिवसांनी ते मला मेथीच्या काड्यांखाली दिसलं.

एका दुपारी चष्मा घरी विसरला म्हणून ऑफिसमधून परत आलो. खालचं दार उघडं होतं. आत लेआउटमधली मुलं ओल्या तुरीच्या शेंगांच्या ढिगाभोवती गोल बसून दाणे सोलत होती. समोर टीव्ही चालू होता. त्यावर कार्टूनमधलं एक अस्वल बंद दारासमोर उभं होतं आणि दारावर थापा मारत होतं. थापांचा आवाज येत नव्हता. काकूंनी रिमोट मांडीखाली घेतला होता. त्याच्या आवाजाच्या बटणावर दवाखान्यातली चिकटपट्टी लावलेली मला नंतर दिसली.

"बोला, बोला!" काकू ओरडल्या. "अस्वल दारासमोर उभं हाय. काय म्हनून राहिलं? कोन बोलते?"

एक मुलगा म्हणाला, "दार उघड."

"हे तं कोनीबी म्हनन. एक वार!"

दुसरी मुलगी म्हणाली, "पाहुना आला, चहा मांडा!"

मुलं हसली. "दोन वार," काकू म्हणाल्या आणि थांबल्या.

हा हर्रास होता. भाजीबाजारात माल मध्ये ठेवतात, भोवती घेणारे उभे राहतात, अडत्या भाव पुकारतो, तीन वार झालं की माल तुटला, म्हणजे सौदा पक्का. काकूंचं तरुणपण त्या आवाजात गेलं होतं. बाईमाणसाने पुकारा करायची तिथे पद्धत नव्हती, म्हणून त्या अडत्याच्या मागे उभ्या राहून त्याचा सदरा ओढत आणि दोन वारवर थांब म्हणून दटावत. ही गोष्ट त्यांनी मला अनेकदा सांगितली होती. "तीन वार म्हनलं का संपलं," त्या म्हणत. "दोन वारवर मानूस इचार करते. तठी थांबाव."

तशा त्या आता थांबल्या होत्या. मुलं पडद्याकडे पाहत होती. अस्वलाने थाप मारायची सोडून दाराला कान लावला.

"बाबा अंदर हाय," आमची मुलगी म्हणाली. तिच्या हातात अर्धी सोललेली शेंग होती. "बोलून नाई राहिला."

"तुटलं!" काकूंनी तीन वार न म्हणताच मांडीवर थाप मारली. "माय वं! पाहा रे पोट्टे हो, याले म्हनते बोलनं! हे घे." त्यांनी संत्र्याची फोड तिच्या तोंडात घातली.

तिचं पहिलं पूर्ण वाक्य ते. खरं तर दोन वाक्यं. कर्ता, क्रियापद, काळ सगळं जागेवर होतं. मी दाराच्या बाहेर चपलांमध्ये उभा होतो आणि मला कोणी पाहिलं नव्हतं. चष्मा न घेताच मी ऑफिसला गेलो. त्या दिवशीची पानं सहकाऱ्याने वाचली.

दुसऱ्या दिवशी मी खाली गेलो.

"काकू, टीव्ही दाखवायचा नाही असं ठरलं होतं."

"टीव्ही कुठी दाखवला?"

"समोर तो काय आहे?"

"ते तं चित्र हाय. हालते." त्यांनी मेथीची काडी मोडली. "आवाज येते का तुले? नाई येत नं? मंग टीव्ही कसा झाला? मानूस बोलन नाई तं त्याले मानूस म्हनतं का तू?"

मी रिमोटवरची ती चिकटपट्टी पाहिली.

"पोरगी बोलली, सांगू का काय बोलली ते?"

"नको," मी म्हणालो.

पाळणाघराची चौकशी मी पुन्हा सुरू केली. पत्नीला ते आवडलं नाही. ती म्हणाली, "बोलतेय ना ती? मग कुठे बोलते याची बातमी कशाला करतोस?" मी तिला सांगितलं की प्रश्न तत्त्वाचा आहे. ती गाडीसाठी निघाली होती, चप्पल घालता घालता म्हणाली, "तत्त्व नाही. तोंड बघ आरशात."

माझी साप्ताहिक सुट्टी मंगळवारी असे. त्या मंगळवारी मी मुलीला खाली सोडलं नाही. लॅपटॉपवर तेच अस्वल लावलं, आवाज बंद केला आणि तिला शेजारी घेऊन बसलो. अस्वल नदीकाठी बसलं होतं, एक बदक त्याच्याकडे पाहत होतं.

"बदक काय म्हणतंय?" मी विचारलं.

ती पडद्याकडे पाहत राहिली. मी पुन्हा विचारलं. थोड्या वेळाने ती म्हणाली, "बदक पाहून राहिलं."

"पाहतंय," मी म्हणालो. "बदक पाहतंय."

आमच्या डेस्कवर वार्ताहराच्या बातमीत असा प्रयोग आला की तो बदलतात. हात आपोआप चालतो, तसा माझा आवाज चालला. मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. बदक उडून गेलं, अस्वल झोपलं, कार्टून संपलं. शेवटी ती एकच शब्द बोलली, "खाली."

मी तिला खाली सोडलं. दार लागायच्या आत तिचा आवाज ऐकू आला. काकूंना ती काहीतरी सांगत होती आणि ते लांबलचक होतं. जिन्यावर उभं राहून मी ते ऐकायचा प्रयत्न केला. शब्द कळले नाहीत. मग मी रोज ड्यूटीला निघताना गाडी सुरू करण्याआधी हेल्मेट हातात घेऊन अंगणात थोडा वेळ थांबू लागलो. एक दिवस खिडकीतून काकू म्हणाल्या, "गाडी बिघडली का गा भाऊ? रोजच बिघडते."

पाळणाघराची चौकशी मागे पडली, पण माझी तपासणी खिडकीबाहेरून चालू होती. त्या घरातल्या टीव्हीत जे चुकीचं होतं ते मी टिपत होतो, आणि ते बरंच होतं. सुट्टीच्या मंगळवारी वरून दिसे की चार ते सात लेआउटचं मैदान रिकामं पडतं. एक मुलगा पडद्याच्या इतका जवळ बसे की त्याच्या डोळ्यांतून पाणी येई. त्याला मागे सरकवायचं काकूंच्या लक्षात येत नसे. मारामारीची दृश्यं आली की त्या वाहिनी बदलत नसत, उलट पुकारा वाढवत. हे सगळं मी पत्नीला सांगितलं. ती म्हणाली, हे काकूंना सांग. मी सांगितलं नाही. मुलाचे डोळे हा माझा मुद्दा नव्हता, हे तिला माहीत होतं.

त्या टीव्हीचा एक तोटा मात्र माझ्या कोणत्याही चौकटीत नव्हता. शेजारचा एक मुलगा नांदगाव पेठेला मामाकडे राहून आला. मामा तिथल्या कापडाच्या कारखान्यात नोकरीला होता. मामाच्या घरी तेच अस्वल आवाजासकट लागलं. मुलगा परत आला तो थेट काकूंकडे.

"आजी, मामाचा टीव्ही खोटा हाय! अस्वल हिंदीतून बोलते!"

"काय म्हनते?"

"भलतंच म्हनते. आपलं अस्वल असं नाई म्हनत."

काकूंना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी त्याला अख्खं संत्रं दिलं. संध्याकाळी त्या मुलाची आई तक्रार घेऊन आली.

"काकू, हा घरी टीव्हीचा आवाज बंद करतो आणि मला म्हणतो, तू बोल. मी पोळ्या करू का अस्वल बोलू?"

"दोन्ही कर," काकू म्हणाल्या. "पोया लाटाले तोंड लागते काय?"

दिवाळीच्या आधी आम्ही मुलीला पुन्हा अकोल्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी एक चित्र तिच्यासमोर धरलं. चित्रात रिकामी बशी होती आणि बशीजवळ मांजर.

"सांग बरं, मांजर काय म्हणते?"

मुलगी खुर्चीवर उभी राहिली. "बोला, बोला!" ती म्हणाली. "कोन बोलते?" आणि तिने डॉक्टरांकडे बोट केलं.

डॉक्टर गोंधळले. "म्याऊ," ते म्हणाले.

"हे तं कोनीबी म्हनन. एक वार!"

दाराशी उभ्या असलेल्या नर्सला हसू आलं. "दूध कोनं पेलं वं माय?" ती म्हणाली.

"दोन वार."

मुलगी थांबली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. वाट पाहणारी नजर होती ती. डॉक्टर, नर्स, पत्नी, सगळेच माझ्याकडे पाहत होते. मांजर काय म्हणेल याची मला काहीही कल्पना नव्हती. मी चित्राकडे पाहिलं. मांजराच्या मिशा एका बाजूला नीट काढलेल्या नव्हत्या.

"तीन वार," ती म्हणाली. माल नर्सला गेला.

डॉक्टरांनी चित्र ठेवलं. "उत्तम! फारच छान प्रगती. हे तिला कोणी शिकवलं?"

"घरीच," मी म्हणालो.

पत्नीने माझ्याकडे पाहिलं. परतीच्या गाडीत मूर्तिजापूर स्टेशन गेल्यावर म्हणाली, "घरीच म्हणजे कोणाच्या घरी?"

काकूंचा टीव्ही मुका का होता, हे मी बरेच दिवस चुकीचं समजत होतो. मुलांच्या भल्यासाठी त्यांनी काढलेली ही युक्ती असावी, असं मला वाटे, आणि त्यामुळे माझा त्रास वाढे. खुलासा त्या वर्षीच्या दिवाळीत झाला. पुण्याहून त्यांचा नातू आई-वडिलांबरोबर आला. आमच्या मुलीपेक्षा थोडा मोठा होता. आल्या आल्या त्याने रिमोट घेतला, चिकटपट्टी पाहिली आणि विचारलं, "आजी, याचा आवाज कुठंय?"

"मी हाय नं आवाज," काकू म्हणाल्या. "बस इथी. पोट्टे येतीन आता."

तो बसला नाही. आईचा मोबाइल आणला, इअरफोन लावले आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर पाय वर घेऊन गाड्यांच्या शर्यती पाहू लागला. सुट्टीभर तो तिथेच होता. काकूंनी त्याच्यासमोर बोरं ठेवली, संत्री ठेवली, चकलीचं ताट ठेवलं. तो न पाहता खात होता. त्या दिवसांत हर्रास जोरात चाले. काकू मुलांना पुकारत आणि कोपऱ्याकडे पाहत. आवाज वाढवत आणि पुन्हा पाहत.

काकू वर क्वचितच येत. पाडव्याच्या दुपारी मात्र आल्या. जिना चढून दम लागला होता.

"तुह्या पोरीले वर घेऊन ये."

"काय झालं?"

"त्यानं एक तिच्या कानात घातलं. दोघं आयकून राहिले." त्या आमच्या उंबऱ्यावर बसल्या. "मी हाका मारल्या. आयकू नाई येत म्हने."

मी खाली गेलो. दोन्ही मुलं एका खुर्चीत बसली होती, एकेका कानात एकेक इअरफोन होता. मुलीने माझ्याकडे पाहिलं नाही. टीव्हीवर अस्वल एकटंच पतंग उडवत होतं. शेंगा तशाच पडल्या होत्या. मला पहिल्यांदा जे वाटलं ते समाधान होतं. आता या घरात ती काकूंशीही बोलत नव्हती.

तिला घेऊन वर आलो तेव्हा काकू उंबऱ्यावरच होत्या.

"मघा तो हासला," त्या म्हणाल्या. "मोठ्यानं हासला. मी पाहालेच लागली. कोनाच्या बोलन्यावर हासला? मी तं काही बोललीच नाई."

मी त्यांना पाणी दिलं.

"टीव्ही आनला तवा याच्या आजोबाचंबी असंच," त्या म्हणाल्या. "मी बोललं का, थांब, आयकू दे म्हनत. बातम्या आयकू दे, भाव आयकू दे. मानूस बाजूले बसला असून थांब म्हनते. एक दिवस पट्टी आनली अन् लावून टाकली त्या बटनाले. म्हनलं माह्या घरात बोलन तं मीच बोलन. दुसरं कोनी नाई."

"मग ते काय म्हणाले?"

"काय म्हनतीन? बोलाले लागले." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "याच्या कानाले कशी पट्टी लावू, सांग?"

पुरवणीत छापता येईल असं त्यात काही नव्हतं. पोरांचं भलं त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. त्यांना तो खोका सहन होत नव्हता, एवढंच. तो त्यांच्या घरात बसून त्यांच्या माणसांशी बोलत होता. मी त्यांच्याकडे पाहिलं. पत्नीने मला आरशात पाहायला सांगितलेलं तोंड मला आता समोर दिसत होतं.

नातू भाऊबीज झाल्यावर गेला. निघताना त्याने एक इअरफोन काढून काकूंना "बाय" म्हटलं आणि पुन्हा घातला. दुसऱ्या दिवसापासून हर्रास पूर्वीसारखा सुरू झाला. आमची मुलगी खाली जाई आणि मी अंगणात हेल्मेट घेऊन उभा राही. काकूंनी गाडीबद्दल विचारणं सोडून दिलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली अकोला आवृत्तीत झाली. बदली मी मागून घेतली होती. पत्नीचं अपडाउन थांबणार होतं, मुलीला तिथल्या शाळेत प्रवेश मिळणार होता, दोघांच्या वेळा जुळणार होत्या. अर्जात हीच कारणं होती आणि ती सगळी खरी होती.

काकूंना सांगायला पत्नी गेली. त्या मेथी निवडत होत्या. "बरं," त्या म्हणाल्या. एक जुडी बांधून विचारलं, "तठी भाजी कोनाची घेसान?"

"बघू. बाजारातून."

"बाजारातून," काकू म्हणाल्या आणि निवडलेली मेथी पुन्हा निवडू लागल्या.

शेवटच्या आठवड्यात त्यांनी मुलीला हर्रासात एकदाही जिंकू दिलं नाही. ती जे बोले त्याला त्या "हे तं कोनीबी म्हनन" म्हणत. मुलगी रडत वर आली. मी खाली जाऊन जाब विचारायचं ठरवलं होतं. दारातून पाहिलं तर मुलं गेलेली होती आणि काकू बंद टीव्हीसमोर बसल्या होत्या. तो बंद असलेला मी पहिल्यांदाच पाहिला. मी परत आलो.

निघायच्या दिवशी सामानाचा टेम्पो पुढे गेला. आम्ही भाड्याच्या गाडीने जाणार होतो. काकूंचं दार लावलेलं होतं. पत्नीने कडी वाजवली, मग मुलीने हाका मारल्या. "आजी! ओ आजी!" आत हालचाल ऐकू आली, पण दार उघडलं नाही. मुलीने दाराला कान लावला.

तेवढ्यात आतून टीव्हीचा आवाज आला. एकदम पूर्ण मोठा. ढोल वाजले, कोणीतरी हिंदीतून ओरडलं, मग अस्वलाचा घोगरा आवाज आला. समोरच्या घरातली माणसं बाहेर येऊन पाहू लागली. खिडकीच्या काचा थरथरत होत्या. आता आतून कोणी रडलं असतं, बोललं असतं, तरी बाहेर काही ऐकू आलं नसतं.

पत्नीने मुलीला उचलून गाडीत बसवलं. गाडी लेआउटच्या कमानीबाहेर पडली तरी तो आवाज येत होता. बडनेऱ्याचा पूल आला. पत्नी खिडकीतून बाहेर पाहत डोळे पुसत होती.

"बाबा," मुलगी म्हणाली. "आजीच्या घरात कोन बोलून राहिलं?"

ती सहसा मला प्रश्न विचारत नसे. लागलं ते मागत असे. बोलणं खाली होई.

"अस्वल," मी म्हणालो.

"नाई. अस्वल असं नाई बोलत."

"मग कसं बोलतं?"

तिने सांगायला सुरुवात केली. अस्वल कसं बोलतं, बदक त्याला काय म्हणतं, पतंग तुटल्यावर ते काय म्हणालं, नदीला काय म्हणालं. मध्ये काकूंचे शब्द होते, त्यांचे हेल होते, मांडीवर थाप मारणंही होतं. मी एकही शब्द बदलला नाही. मूर्तिजापूर आलं आणि गेलं. एवढा वेळ ती माझ्याशी कधीच बोलली नव्हती, आणि हे सगळं बोलणं दुसऱ्या कोणाचं तरी होतं.

मग ती सीटवर उभी राहिली आणि माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "अस्वल दारासमोर उभं हाय. आजी दार नाई उघडून राहिली. बोला, बोला! अस्वल काय म्हनते?"

ड्रायव्हरने आरशातून पाहिलं. "दार उघडा," तो म्हणाला.

"हे तं कोनीबी म्हनन. एक वार."

मी विचार केला. बोरगाव मंजूच्या पाट्या दिसू लागल्या होत्या.

"आजी," मी म्हणालो, "आवाज बंद कर. मले आयकू येऊन राहिलं तू अंदर हायस ते."

पत्नीने माझ्याकडे वळून पाहिलं. मुलीनेही पाहिलं, काकू मालाकडे पाहत तसं, मान थोडी तिरपी करून.

"दोन वार," ती म्हणाली, आणि थांबली.